वसईची मोहीम (१७३७–३९): जिंकलं कोणी आणि फावलं कोणाचं?

खाडीपल्याड (धागाकर्ता)

मे महिना उजाडला की थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांचा वसईच्या वेढ्यातला तो निरोप व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो: किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी द्या आणि माझं शीर तरी आत पडू द्या. अप्पा खरंच असं बोलले की ते नंतर कोणी त्यांच्या तोंडी घातलं, यावर इथे आधीच पुष्कळ रणं झाली आहेत. ती पुन्हा नकोत. मला बोलायचंय ते किल्ला पडल्यानंतर जे झालं त्यावर. माझं म्हणणं एवढंच: वसई मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकली, त्यासाठी रक्त मराठ्यांनी सांडलं, पण त्या विजयाचं व्याज खाल्लं इंग्रजांनी, तेही मुंबईच्या कोटात बसून.

आधीची मांडणी थोडक्यात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. त्यात साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं, वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचं मोठं बेट) होती, मुंबईची बेटंही होती. पुढे १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे माहीमच्या खाडीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे वांद्र्यापासून थेट दमणपर्यंत पोर्तुगीजांचं उत्तर फिरंगाण, आणि त्याची राजधानी वसई. इंग्रजांच्या मालावर ठाण्याला आणि करंजाला पोर्तुगीज जकात घ्यायचे. शेजाऱ्यांचं फारसं पटत नव्हतं, पण त्या शेजाऱ्यामुळे मराठे आणि मुंबई यांच्यामध्ये एक जाड भिंत होती हे कंपनीच्या लोकांना चांगलं ठाऊक होतं.

युद्ध का पेटलं? कारणं एकात एक गुंतलेली आहेत. हिंदूंच्या धर्मकृत्यांवर बंधनं होती, इन्क्विझिशनचा (चर्चच्या धर्मन्यायालयाचा) धाक होता, आणि अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसं कैक वर्षं पेशव्यांच्या मागे लागली होती की या मुलखाचं काहीतरी करा. शिवाय कोकणचं आरमार राखणाऱ्या आंग्र्यांच्या भाऊबंदकीत पोर्तुगीज हात घालत होते. त्यात ठाण्याला नवा किल्ला बांधायला काढला. तो पुरा झाला असता तर साष्टीत शिरणं अवघड होतं. म्हणून १७३७ च्या मार्चअखेर, किल्ला अर्धवट असतानाच मराठ्यांनी ठाणं घेतलं. साष्टी बहुतेक हातोहात गेली. वसई उरली.

पुढची दोन वर्षं सोपी नव्हती. १७३८ मध्ये पोर्तुगीजांनी ठाणं परत घेण्याचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा सेनापती पेद्रू द मेलु पडला. १७३९ च्या जानेवारीत तारापूर पडलं, पण तिथे मराठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर मारले गेले. मग १७ फेब्रुवारीपासून वसईला वेढा. १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटींवर सही केली आणि आठवड्याभराने ते किल्ल्याबाहेर पडले. इतिहासकार ग्रँट डफच्या म्हणण्यानुसार मराठ्यांचे मेलेले-जखमी पाच हजारांच्या वर, पोर्तुगीजांचे आठशे.

आता मुंबईत काय चाललं होतं बघा. वेढा ऐन भरात असताना वसईतल्या पोर्तुगीजांनी इंग्रजांकडे मदत मागितली. माणसं नाही दिली. पंधरा हजार रुपये कर्ज दिलं, आणि तेही तारणावर: चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा. तोफा तटावरून उतरवून गहाण! (आमच्याकडे सोनं गहाण ठेवायला जाणारेही मंगळसूत्र शेवटपर्यंत ठेवतात.) वसई पडल्यावर मात्र कंपनीची गाळण उडाली. लगोलग कॅप्टन इंचबर्डला अप्पांकडे धाडलं, कॅप्टन गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांकडे. जुलैत व्यापाराचा तहही करून टाकला. एकीकडे गोड बोलणी आणि दुसरीकडे कोटाभोवती खंदक.

ज्यांनी या मुलखात घरातून काही ऐकलंय त्यांनी जरूर लिहा. मला पुस्तकातलं माहीत आहे, गावातलं नाही.

गडवाट

वाखुसा (वाचनखूण साठवली). लढाईबद्दल थोडी भर.

वसईचा किल्ला तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल यांनी राखलेला आहे. सुरुंग लावायला खरी जागा उत्तरेकडे, जमिनीच्या बाजूला. सगळा जोर तिथे, सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजापाशी होता. खणत खणत तटाखाली पोचायचं, दारूची कोठडी भरायची, बत्ती द्यायची. वरून पोर्तुगीज दगड, जळती लाकडं, हातगोळे टाकतायत. शेवटच्या हल्ल्यात सुरुंग उडाले, खिंडार पडलं, आपली माणसं त्यातून वर चढायला लागली आणि एक मागे राहिलेला सुरुंग त्याच वेळी उडाला. मराठ्यांच्या मोठ्या नुकसानीचा बराच भाग त्या स्फोटाचा आहे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढाई झाली.

किल्ल्यात गेलात तर सेंट जोसेफचा मनोरा बघून लगेच परत फिरू नका. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जा. छत नाही, पण फरशीत थडग्यांचे दगड एकाला एक लागून बसवलेले आहेत. कुळचिन्हं कोरलेली, अक्षरं पावसाने बोथट झालेली. त्यावर शाळेची सहल डबे उघडून बसलेली असते. लिहिणाऱ्यांनी आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी हे सगळं कायमचं आहे असं धरून चाललं होतं, हे ते दगड वाचताना कळतं.

अवांतर: इंग्रजी कागद वाचणाऱ्यांनी तारखांकडे लक्ष द्यावं. तेव्हा इंग्रज जुनं कॅलेंडर वापरत, ते अकरा दिवस मागे. पोर्तुगीजांची १६ मे म्हणजे मुंबईच्या दप्तरात ५ मे. यावरून दोन वेगळे प्रसंग समजून भांडणारे लोक मी पाहिले आहेत.

उत्तनचा नाखवा

मराठे धारावी घ्यायला लढले म्हटलं की मुंबईकर म्हणतात, "अरे, झोपडपट्टी तेव्हापासून आहे?" बाबांनो, ती धारावी वेगळी. ही धारावी आमच्या इथे, उत्तनच्या पुढे चौकजवळ. डोंगरावर धारावी देवीचं देऊळ आहे, खाली खाडीचं तोंड. तिथे उभं राहिलं की समोर वसईचा किल्ला दिसतो. भरतीच्या पाण्यावर खाडीत शिरणारी प्रत्येक होडी डोळ्यांखालून जाते. गोव्याहून वसईला रसद जायची ती याच तोंडातून. म्हणून धारावी मराठ्यांच्या हाती येऊन पुन्हा गेली आणि शेवटी १७३९ मध्ये कायमची आली. समुद्रातून मानाजी आंग्रे, वरून धारावी. आमच्या गावच्या कोणत्याही तांडेलाला विचारा, या दोन गोष्टी झाल्या की वसईत धान्य जायचं बंद. बाकी सुरुंग वगैरे नंतर.

गडावर आता फारसं उरलेलं नाही. डोंगराचा दगड काढून नेला.

शंकासुर

लेख चांगला, पण "व्याज इंग्रजांनी खाल्लं" हे मागे वळून बघताना जुळवलेलं वाटतं. १७३९ मध्ये मुंबई म्हणजे काय? एक कोट, बंदर, काही हजार घरं. तेव्हा कोणीही पैज लावली असती की पुढली शंभर वर्षं मराठ्यांची. नंतर काय झालं त्याचं खापर वसईच्या मोहिमेवर कशाला?

अटकेपार

शंकासुरांशी सहमत आणि धागाकर्त्याचा थोडा निषेध. आपल्याकडे विजय मिळाला की लगेच त्यातलं नुकसान शोधायला बसतात. त्याच काळात नादिरशाह दिल्ली लुटत होता, बाजीराव बऱ्हाणपुराकडून चिमाजीअप्पांना लवकर आटपा म्हणून लिहीत होते, आणि तरीही एका युरोपीय सत्तेचा सबंध प्रांत सव्वादोन वर्षांत घेतला. हिंदुस्थानात असं दुसरं उदाहरण दाखवा. खंत एकच, अप्पांनी लगे हात मुंबईही घ्यायला हवी होती.

खाडीपल्याड (धागाकर्ता)

@अटकेपार, विजयाला मी कुठे कमी लेखलं? तो मोठाच होता. पण मुंबई घेणार कशाने? माहीमची खाडी ओलांडायची तर आरमार हवं. आरमार आंग्र्यांचं, आणि आंग्रे दोन: मानाजी पेशव्यांकडे, संभाजी विरोधात. मे संपत आलेला, पाऊस तोंडावर. फौज थकलेली, खजिना रिता, आणि बाजीरावांना माणसं उत्तरेत हवी होती. वर्षाच्या आत, २८ एप्रिल १७४० रोजी, बाजीराव रावेरखेडीला वारले आणि डिसेंबरात अप्पाही गेले. ज्यांनी ही मोहीम डोक्यात धरली होती ते दोघेही राहिले नाहीत.

@शंकासुर, खापर नाही फोडत. पण क्रम पाहा. पोर्तुगीज गेले तसा मधला पडदा गेला. आता मराठ्यांची हद्द थेट माहीमच्या समोर आली. इंग्रज आधी घाबरले, मग त्यांनी तटबंदी केली, मग आरमार वाढवलं. मराठ्यांनी मात्र साष्टी घेतल्यावर समुद्राकडे दुर्लक्ष केलं. उलट १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. ज्या आरमाराने वसईची नाकेबंदी केली त्याच घराण्याचं! अठरा वर्षांनी इंग्रजांनी साष्टी घेतली तेव्हा त्यांना पाण्यात अडवायला कोण होतं?

माहीमकर

खंदकाबद्दल लिहितो, कारण तो विषय माझा आहे.

वसई पडली त्याच वर्षी मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायचं ठरलं. शहरातल्या देशी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढून दिले. कंपनीवर प्रेम होतं म्हणून नाही, गोदामं होती म्हणून. चार-एक वर्षांत काम झालं, खर्च अंदाजाच्या कितीतरी पटीने वाढला. (मुंबईतल्या कंत्राटांची परंपरा जुनी आहे.) 

खंदकापेक्षा महत्त्वाचं त्याच्या बाहेरचं. तटावरच्या तोफांना समोर मोकळं रान हवं, म्हणून नारळाची झाडं तोडली, घरं हलवली. ही मोकळी पट्टी पुढे पुन्हा पुन्हा रुंदावली, १८०३ च्या आगीनंतर तर खूपच. कोटाच्या आतले आणि बाहेरचे असं शहराचं विभाजन तिथून पक्कं झालं. तट १८६० नंतर पाडला, खंदक बुजवला, पण पट्टी पूर्ण भरली नाही. तिचे तुकडे म्हणजे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज. रविवारी ओव्हलवर एकाच वेळी वीस सामने चालू असतात आणि एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या खेळपट्टीवर उभा असतो. त्या पोरांना मोकळी जागा मिळाली त्यात वसईच्या वेढ्याचाही वाटा आहे.

दुसरा परिणाम कोणी धरत नाही: पाणी. मुंबई बेटावर पाणी नव्हतंच, विहिरी आणि तलाव, बस. १८६० मध्ये विहार तलाव झाला, नंतर तुळशी. दोन्ही साष्टीत. १८५३ ची पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, म्हणजे साष्टी ओलांडून. माहीमचा कॉजवे १८४५ चा. साष्टी दुसऱ्याच्या हातात असती तर यातलं काहीच इतक्या सहज झालं नसतं.

वांद्रेवाली

मी ईस्ट इंडियन (साष्टी-वसईकडच्या जुन्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातली), त्यामुळे थोडं घरचं सांगते. हा धागा बहुतेक विजय आणि राजकारण यांवरच चाललाय.

वांद्र्याच्या मोत मावलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला सप्टेंबरात सगळी मुंबई लोटते. लढाईच्या काळात वांद्र्याचं ते छोटं देऊळ उद्ध्वस्त झालं आणि मूर्ती खाडी ओलांडून माहीमच्या सेंट मायकलमध्ये नेली, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत. १७६१ च्या सुमारास देऊळ पुन्हा बांधलं तेव्हा ती परत आली. वांद्र्याचा किल्ला तर मराठ्यांनी पाडलाच नाही. मराठ्यांच्या हाती लागून मुंबईवर तोफा रोखल्या जाऊ नयेत म्हणून इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या मागे लागून तो पाडायला लावला. आज बँडस्टँडच्या टोकाला पोरंपोरी सेल्फी काढतात तो त्याचाच उरलेला भाग.

आता माणसांचं. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक होती, आणि साष्टी-वसईतला ख्रिस्ती समाज टिकून राहिला हाच त्याचा पुरावा. पण पोर्तुगीज गेले म्हणजे त्यांचे जमीनदार गेले, युरोपीय पाद्री गेले, मठ ओस पडले. आमच्या लोकांकडे राहिले ते गोव्याहून आलेले पाद्री. आमचे कोळी, भंडारी, कुणबी पूर्वज तसेच शेतात आणि पाण्यात. घरात मराठीच बोलली जायची, ती तशीच राहिली. उलट रेवदंड्यापलीकडे कोर्लईत बघा. ते १७४० च्या तहात मराठ्यांकडे गेलं, तरी तिथल्या वस्तीत पोर्तुगीज मिसळलेली बोली आजही घराघरांत आहे. एकच युद्ध, दोन गावांत दोन निकाल.

आम्हाला "ईस्ट इंडियन" हे नाव तर १८८७ चं. राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी, सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत गोव्याच्या लोकांपासून आपली वेगळी ओळख दाखवायला घेतलेलं. म्हणजे पोर्तुगीजांनी धर्म दिला, मराठ्यांनी पोर्तुगीजांना घालवलं, आणि नाव इंग्रजांच्या काळात मिळालं. माझ्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, आपण साष्टीकर, झालं.

एक विनंती. "फिरंग्यांना हाकललं" लिहिताना आम्हाला त्यात मोजू नका. आम्ही कुठे गेलो नव्हतो.

अटकेपार

ताई, नोंद घेतली. माझा रोख राज्यकर्त्यांवर होता.

इन्क्विझिशनचा त्रास मात्र खरा होता, हेही कोणी विसरू नये. मंडपेश्वरच्या लेण्यांवर चर्च आणि मठ उभारले होते, पोर्तुगीज गेल्यावरच तिथे पुन्हा महादेवाची पूजा सुरू झाली. ठाण्याचं कोपिनेश्वराचं देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी नव्याने बांधलं. वज्रेश्वरीचं देऊळ अप्पांच्या नवसाचं म्हणतात.

गडवाट

आणि घंटा राहिल्याच. वसई आणि आसपासच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठा सरदारांनी आपापल्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकराचं देऊळ, वाईजवळचं मेणवली. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. नदीला आलेली माणसं ती वाजवून पुढे जातात. मी हात लावून पाहिली, उठावाचं काम अजून बोटांना लागतं.

वांद्रेवाली

आमच्या ओळखीतली एक म्हातारी मेणवलीला मुद्दाम गेली होती. घंटेला नमस्कार केला आणि आली. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही, गुरवालाही नाही.

शंकासुर

धागा भलताच रंगला. वांद्रेवाली यांचा प्रतिसाद सर्वांत आवडला.

मुद्द्यावर येतो. खाडीपल्याड यांची साखळी मान्य केली तरी एक कडी सुटते. इंग्रजांनी १७७४ मध्येच साष्टी का घेतली? मधली पस्तीस वर्षं काय करत होते?

खाडीपल्याड (धागाकर्ता)

नजर तर पहिल्यापासूनच होती, विकत मिळते का असे प्रयत्नही झाले. पण निमित्त पुन्हा पोर्तुगीजच. १७७४ च्या शेवटी मुंबईत बातमी आली की साष्टी-वसई परत घ्यायला गोव्याकडून हालचाल होतेय. इकडे नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात सगळा गोंधळ. इंग्रजांनी विचार केला की आपण बघत बसलो तर पुन्हा तोच जकात घेणारा शेजारी. डिसेंबरात त्यांनी ठाण्यावर हल्ला केला आणि वर्ष संपायच्या आत किल्ला घेतला. त्यांचा आरमारप्रमुख वॉटसन त्यात मेला. आत सापडलेल्या माणसांची कत्तल झाली, त्याबद्दल इंग्रजी पुस्तकं एका ओळीत आटपतात. त्याच किल्ल्यात आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे.

मग १७७५ मध्ये राघोबादादांनी (रघुनाथरावांनी) सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई दोन्ही लिहून दिली. त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. वडगावला इंग्रज तोंडावर आपटले, पण १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी नाही. अप्पांनी ज्यासाठी एवढं रक्त सांडलं त्यातलं मुंबईला लागून असलेलं सोनं तिथे गेलं. आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेचा तह केला तो कुठे बसून? वसईतच. अप्पांच्या भावाचा नातू, रघुनाथरावाचा मुलगा.

शंकासुर

राघोबांचं समजू शकतो, त्यांना पेशवेपद हवं होतं. पण सालबाईला नाना फडणवीसांनी साष्टी कशी सोडली? वसई मागितली आणि मिळाली, मग साष्टीवर का नाही अडून बसले?

खाडीपल्याड (धागाकर्ता)

तह महादजी शिंद्यांनी केला, आणि त्यांचा डोळा दिल्लीवर होता. साष्टी त्यांच्या दृष्टीने लांबचा तुकडा. नाना तहावर खूश नव्हते, म्हणून मंजुरी लांबवत राहिले. हैदर अली इंग्रजांना दक्षिणेत झुंजवत होता, त्याच्या जोरावर आणखी काही पदरात पडतंय का ते बघायचं होतं. १७८२ च्या डिसेंबरात हैदर गेला आणि तो पत्ता हातातून गेला. पुढच्या फेब्रुवारीत नानांनी शिक्का मारला. नाना विरुद्ध महादजी यावर नवीन धागा काढा कोणीतरी, इथे सुरू केलंत तर गणपतीपर्यंत संपायचं नाही.

अटकेपार

काढतो. शीर्षक सुचवा.